विभाग बदलून घेतला आहे

तीर्थरूप आई-बाबांस,

साष्टांग नमस्कार.

फोनवर हे सांगायला घेतले असते तर आईने माझ्या आवाजावरूनच निम्मे ओळखले असते आणि उरलेले निम्मे काळजीने वाढवले असते, म्हणून लिहिते आहे. अपघात विभागातून शस्त्रक्रियागृहात बदली मिळावी असा अर्ज मी केला होता आणि तो मंजूर झाला आहे. नोकरी सोडलेली नाही, परिचारिकेचे काम तर मुळीच सोडलेले नाही, हे बाबांनी आधी नीट वाचावे.

लोक टाकून बोलतात म्हणून मी पळ काढला असे कृपया समजू नका. वेदनेने आणि भीतीने माणसाचा तोल जातो, आणि राग निघतो तो जवळ उभ्या असलेल्या सिस्टरवर, हे मला पहिल्या वर्षीच कळले होते. एखाद्या दिवसाची शिवीगाळ विसरता येते. ती रोज ऐकायची, हात उगारला तरी चेहरा शांत ठेवायचा आणि लगेच पुढच्या खाटेकडे वळायचे, यात मात्र कामापेक्षा तो चेहराच जास्त थकवतो. पुढे पुढे कोणी कण्हत असला तरी माझ्या मनात आधी येई ते, ‘हाही आता ओरडणार’. झोप उडाल्याची मला भीती वाटली नव्हती, या विचाराची वाटली.

हे माझ्या एकटीच्या मनाचे हळवेपण नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८ ते ३८ टक्के आरोग्य कर्मचाऱ्यांना नोकरीच्या काळात कधी ना कधी शारीरिक हिंसा सोसावी लागते. शिव्या-धमक्या त्याहून कितीतरी अधिक. याच संघटनेने २०१९ साली ‘बर्नआउट’ची जी व्याख्या केली, तीत शक्ती संपून जाणे, कामाविषयी मन तुटणे आणि आपल्या हातून काही धड होत नाही असे वाटणे, या तिन्ही गोष्टी आहेत. आजार म्हणून नव्हे, तर कामाच्या न आवरलेल्या ताणातून येणारी स्थिती म्हणून तिची नोंद आहे, तेव्हा आई, लगेच डॉक्टरांची नावे शोधू नकोस.

आणखी एक गोष्ट मला अर्ज करताना निर्णायक वाटली. नवजात बालकांच्या अतिदक्षता विभागातील पथकांवर झालेला एक अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. सरावाच्या प्रसंगात बाळाच्या आईची भूमिका करणारी स्त्री उद्धटपणे बोलली, तेव्हा त्या अनुभवी पथकांचे निदान आणि उपचार दोन्ही घसरले. म्हणजे दुखावलेल्या मनाने मी उभी राहिले असते, तर किंमत रुग्णानेच मोजली असती.

रात्रपाळीचा भत्ता कमी होईल, पण त्याचा हिशेब मी करून ठेवला आहे आणि तुम्हाला पाठवते त्यात काही फरक पडणार नाही. जेवण वेळेवर होते. झोपही हळूहळू परत येते आहे. कालच लहानपणीसारखी पालथी पडून झोपले, आणि उठल्यावर वाटले की बाबांनी येऊन पांघरूण सारखे करावे.

आता माझे ऐका. आईने रक्तदाबाची गोळी बरे वाटते म्हणून स्वतःच्या मनाने बंद करायची नाही, आणि बाबांनी डोळ्यांची तपासणी पुढे ढकलायची नाही. बाबा, आईला दाखल केले होते त्या रात्रीचे मी उकरून काढत नाही. तुम्ही किती घाबरला होता ते मी पाहिले आहे आणि तिथे तुमच्या जागी मीही कदाचित तशीच बोलले असते. पण पुढच्या खेपेला उशीर झाला, तर सिस्टरला एवढेच विचारा, की अजून किती वेळ लागेल आणि तोवर आम्ही कशावर लक्ष ठेवावे. खरोखर हेळसांड झाली, तर तक्रार लेखी द्या. मजकूर मी लिहून देईन. आणि आईच्या सगळ्या गोळ्यांची यादी तुमच्या पाकिटात ठेवा, कपाटात नव्हे.

तुमची,
छकुली