रक्तातील यीस्ट : चौदा दिवस कोठून मोजायचे?

महोदय,

आयसीयूतल्या रुग्णाच्या ब्लड कल्चरमध्ये (रक्तातले जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत) एका जरी बाटलीत कॅन्डिडा ही यीस्ट, म्हणजे एक प्रकारची बुरशी, वाढली, तरी नमुना दूषित झाला असेल म्हणून ती सोडून देता येत नाही. औषध त्याच दिवशी सुरू व्हायला हवे.

स्वस्त म्हणून हात आधी फ्लुकोनॅझोल या बुरशीविरोधी औषधाकडे जातो. पण कॅन्डिडाच्या क्रुसाय जातीवर ते चालतच नाही, ग्लॅब्राटावर त्याचा भरवसा नाही आणि ऑरिस तर त्याला बहुधा दाद देत नाही. त्यामुळे प्रजाती व सेन्सिटिव्हिटी (कोणते औषध लागू पडेल ते) कळेपर्यंत कॅस्पोफंजिन (पहिल्या दिवशी ७० मिग्रॅ, पुढे रोज ५०) किंवा मायकाफंजिन (रोज १०० मिग्रॅ) द्यावे. डोळा, मेंदू व लघवीत ही औषधे पुरेशी पोचत नाहीत. तिथला संसर्ग असेल तर वेगळा विचार करावा लागतो.

वॉर्डात हमखास गफलत होते ती सलाइनची. कॅस्पोफंजिन नॉर्मल सलाइनमध्येच मिसळायचे, डेक्स्ट्रोजमध्ये ते टिकत नाही. अ‍ॅम्फोटेरिसिन या दुसऱ्या बुरशीविरोधी औषधाचे नेमके उलटे: ५ टक्के डेक्स्ट्रोजच हवे, सलाइनमध्ये औषधाचा साका होतो. अ‍ॅम्फोटेरिसिन चालू असताना क्रिएटिनीन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारे), पोटॅशियम आणि मॅग्नेशियम तपासत राहावे.

सर्वांत महागात पडते ती दिवसांची मोजणी. उपचाराचे चौदा दिवस औषध सुरू केल्यापासून नव्हे, पहिल्या निगेटिव्ह कल्चरपासून धरायचे. औषध १ तारखेला सुरू झाले, ३ तारखेचे कल्चर पॉझिटिव्ह आणि ५ तारखेचे निगेटिव्ह आले, तर १९ तारखेपूर्वी थांबायचे नाही, मग ताप दुसऱ्याच दिवशी उतरलेला असो. त्यासाठी रोज किंवा दिवसाआड कल्चर पाठवावेच लागते. यीस्ट सेंट्रल लाइनच्या (मोठ्या शिरेत घातलेल्या नळीच्या) आतल्या थरात, हृदयाच्या झडपेवर, डोळ्याच्या पडद्यावर दडून राहते. म्हणून शक्य तितक्या लवकर लाइन काढावी, पहिल्या आठवड्यात बाहुली मोठी करून डोळे तपासावेत आणि कल्चर निगेटिव्ह होतच नसेल तर इको (हृदयाची सोनोग्राफी) करावा.

उलट थुंकीत कॅन्डिडा दिसली, एवढ्यावरून हीच महागडी औषधे सुरू होतात. ती बहुतेक वेळा तिथे नुसती वस्तीला असते. कॅथेटर असलेल्या रुग्णाच्या लघवीत कॅन्डिडा दिसली तरी, त्रास नसेल तर, आधी कॅथेटर काढावे किंवा बदलावे.

प्रयोगशाळांनी नुसते ‘यीस्ट’ लिहून न थांबता प्रजातीचे नाव कळवावे आणि पहिल्या निगेटिव्ह कल्चरची तारीख डिस्चार्ज कार्डावर यावी, ही विनंती. ही तारीख नसेल तर नातेवाइकांनी घरी जाण्यापूर्वी विचारून घ्यावी.

– एक सूक्ष्मजीवतज्ज्ञ, पुणे