रात्रभर वाचून दाखवणाऱ्या ताईंचे आभार

आषाढात ह्यांना डेक्कनजवळच्या रुग्णालयात अचानक आयसीयूत हलवलं. मुलगा परगावी, बाहेरच्या बाकावर मी एकटीच. शेजारच्या ताईंच्या सासूबाईही आतच होत्या. माझे हात थरथरताना पाहून त्यांनी थर्मासच्या झाकणात चहा ओतून दिला, आणि पिशवीतून लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ काढून हळू आवाजात वाचायला लागल्या. १८९५ साली नवऱ्यानं धर्मांतर केल्यावर लेकराला घेऊन मागे राहिलेली ही बाई! लग्नानंतर अक्षरं शिकलेली, आणि किती मोकळं लिहिते! मध्येच आम्ही दोघी हसलोसुद्धा. माझा डोळा लागला तेव्हा ताईंनी स्वतःची शाल माझ्यावर पांघरली होती. सकाळी डॉक्टरांना सगळं नीट विचारायचं बळ मला आलं.

ताई, धावपळीत तुमचं नाव कळलंच नाही. हे आता घरी आलेत. तुमच्या सासूबाई बऱ्या असोत. मनापासून आभार.