जन्मसाल मीच खोटं टाकलं होतं

महोदय,

मुलांना ऑनलाइन कसं जपावं यावर परवा पालकसभेत तासभर भाषण झालं. ‘लक्ष ठेवा’ हे दहादा ऐकलं आणि मला माझाच पराक्रम आठवत राहिला.

लेक सहावीत असताना फोटोंच्या एका अ‍ॅपसाठी हटून बसली होती. तिचं जन्मसाल टाकलं की खातं उघडेना, १३ वर्षं पूर्ण हवीत म्हणे. मग मी माझं टाकलं, १९८४. दोघी हसलोही.

ही १३ वर्षांची अट मूळची अमेरिकेतल्या १९९८च्या कायद्यातली. १३ वर्षांखालच्या मुलांची माहिती आईवडिलांच्या संमतीशिवाय कंपन्यांनी गोळा करू नये, एवढाच त्याचा रोख. तेराव्या वाढदिवसाला मूल शहाणं होतं, असं त्यात कुठे नाही. आता काही अ‍ॅप वय बघून बंधनं घालतात. इन्स्टाग्रामनं सप्टेंबर २०२४मध्ये किशोरांसाठी वेगळी खाती जाहीर केली. ती आपोआप खाजगी असतात, अनोळखी माणसाला त्या मुलांना मेसेज करता येत नाही. पण असली सोय माझ्या लेकीच्या वाट्याला कशी येणार? अ‍ॅपच्या हिशेबी ती चाळिशीची बाई!

आठवीत गेल्यावर एक ‘सतरा वर्षांची ताई’ तिच्याशी बोलू लागली. आधी चित्रांचं कौतुक. मग दुसऱ्या अ‍ॅपवर ये. मग फोटो पाठव, आणि आईला सांगू नकोस. लेकीनं फोटो पाठवला नाही, पण मला सांगितलंही नाही. एका रात्री पांघरुणातून उजेड दिसला म्हणून बघितलं, तर रडत होती. पहिलं वाक्य काय, तर ‘फोन काढून घेशील ना?’ ती धमकी माझीच, ऊठसूट दिलेली. म्हणून तिनं तीन आठवडे एकटीनं काढले.

मी संतापून सगळं डिलीट करायला निघाले होते. भावानं हात धरला: आधी स्क्रीनशॉट, मग तक्रार, मग ब्लॉक. पुसलं असतं तर दाखवायला हातात काहीच उरलं नसतं. जुनं खातं बंद केलं. नव्यावर तिचं खरं साल आहे.

पुढच्या सभेत भाषण नको. प्रत्येकानं मुलाचा फोन मुलासोबतच उघडून त्यात जन्मसाल काय पडलंय ते बघावं, मेसेज कोण करू शकतं ते बघावं. अर्धा तास पुरे. खुर्च्या लावायला मी येते.

– आठवीतल्या मुलीची आई