बोर्डावरचा दहापट दंड कुठल्या कलमात?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दुकानांतल्या चोऱ्यांवरची कालची बातमी वाचली. ‘पोलीस नुसती एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) घेतात, चोरांना धाकच उरला नाही’ हे व्यापारी मंडळींचं गाऱ्हाणं आपण जसंच्या तसं छापलंत. छापा, जाहिराती तेच देतात. पण एखाद्या वकिलाला फोन करायला आपल्या प्रतिनिधीला कोणी अडवलं होतं?

मी कोर्टात नोकरी केलेला माणूस. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. कलम ३०३(२) नुसार चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. मात्र माल पाच हजारांच्या आतला, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरलेला आणि वस्तू किंवा तिची किंमत परत केलेली असेल, तर शिक्षा समाजसेवेची. असा गुन्हा अदखलपात्र आणि जामीनपात्र. पोलीस एनसी घेतात ते आळसाने नव्हे. मॅजिस्ट्रेटच्या हुकुमाशिवाय त्यांना तपासच करता येत नाही. दुसऱ्यांदा दोषी ठरलं की किमान एक वर्ष सक्तमजुरी आहे, तेव्हा धाक नाही म्हणू नका. दुकान ही माल ठेवायची इमारत, म्हणून कलम ३०५ लावलं तर सात वर्षांपर्यंत जाता येतं. तिथेही पहिलटकराला समज देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडायला १९५८ चा परिवीक्षा कायदा आहेच.

आता धाकाचं बोलू. गेल्या चतुर्थीच्या बाजारात माझ्या नात्यातल्या एका कॉलेजच्या मुलीने मोठ्या दुकानात क्रीमची ट्यूब पर्समध्ये टाकली. टाकली, नाकारत नाही. तिला दुपारी पकडून मागच्या गोदामात बसवली, तेलाच्या डब्यांमध्ये. मोबाइल काढून घेतला, माफीनामा लिहून घेतला. भिंतीवर बोर्ड होता, ‘चोरी केल्यास दहापट दंड’. बाप पैसे घेऊन पोचेपर्यंत दिवेलागण झाली. पैशांची पावती? विचारूच नका. अदखलपात्र, जामीनपात्र गुन्ह्यात खाजगी माणसाला अटक करायचा अधिकार नाही आणि दंड ठोठावायचा तर कोर्टाशिवाय कोणालाच नाही. त्या बापाने डांबून ठेवल्याची फिर्याद दिली असती, तर कलम १२७ खाली मालकच आरोपी झाले असते. पण अब्रूला भिऊन तो गप्प बसला.

अब्रू तरी कुठे राहिली! माणसं घरी पोचायच्या आत कॅमेऱ्यातली क्लिप वाडीच्या ग्रुपवर. परळहून चाकरमानी काकीचा फोन, ‘गो, तुझ्या चेडवाचो व्हिडिओ इलो आसा.’ मुलीचं कॉलेज सुटलं. कोर्टाने तिला फार तर चार दिवस समाजसेवा करायला लावली असती.

आणि आपण? कालच्या बातमीतल्या बाईच्या डोळ्यांवर काळी पट्टी लावलीत, पण गाव, वाडी, नवऱ्याचा धंदा सगळं छापलंत. पट्टी कशाला लावलीत मग, शोभेला? आरोप सिद्ध व्हायचाय अजून. उद्या ती निर्दोष सुटली तर तेही अर्ध्या पानावर छापणार का? मी वर मुलीचं गाव लिहिलेलं नाही, हे आपल्या प्रतिनिधीला दाखवा.

जाता जाता, भरती-ओहोटीच्या वेळा आपण छापायच्या बंद केल्यात. त्या जागी साड्यांच्या सेलची जाहिरात येते. आमच्याकडची माणसं त्या वेळा बघून होडी काढतात, साड्या बघून नव्हे. त्या पुन्हा सुरू कराव्यात ही विनंती.

आपला,
एक जुना वर्गणीदार, ता. मालवण