प्लेट रीडरचा शब्द कुठे गेला? विज्ञानमंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्रिमहोदय,

सविनय नमस्कार. गेल्या वर्षी आपण आमच्या प्रयोगशाळेत आला होतात. औषधाचा थेंब पडलेल्या पेशींमधला प्रकाश मंदावला, की पडद्यावरचे आकडे कसे कोसळतात, हे आपण उसन्या प्लेट रीडरवर, म्हणजे असा प्रकाश मोजणाऱ्या यंत्रावर, पाहिलंत. 'सहा महिन्यांत तुमचा स्वतःचा प्लेट रीडर येईल,' असं सगळ्यांसमोर म्हणालात. परवा आपल्या खात्याचं पत्र आलं: 'सद्यस्थितीत प्राधान्य नाही.'

तो प्रकाश कशाचा होता, हे तेव्हा सांगायला आपण दोनच मिनिटं दिलीत. डेंग्यूच्या विषाणूचा जीनोम, म्हणजे त्याचा सगळा जनुकीय मजकूर, सुमारे १०,७०० अक्षरांचा. त्यात आम्ही खोल समुद्रातल्या कोळंबीपासून घडवलेलं ल्युसिफरेजचं, म्हणजे प्रकाश निर्माण करणाऱ्या प्रथिनाचं, छोटं जनुक बसवलं. विषाणू वाढला की प्रकाश वाढतो, औषधाने त्याला रोखलं की विझतो. सांगायला सोपं आहे. पण विषाणूला हे जादा ओझं नको असतं. चार-पाच पॅसेजमध्ये, म्हणजे ताज्या पेशींत पुन्हा वाढवलं की, तो ते फेकून देतो. आमचा रिपोर्टर व्हायरस, म्हणजे हा प्रकाश देणारा विषाणू, टिकायला तीन वर्षं लागली. कित्येक सणांच्या दिवशी मी इन्क्युबेटरसमोर होते.

आता तो टिकलाय, तर मोजायला यंत्र नाही. म्हणून आम्ही प्लाक, म्हणजे विषाणूने पेशी मारल्यावर उरणारे ठिपके, मोजतो, विषाणूशास्त्रज्ञ रेनाटो दुल्बेको यांनी १९५२ साली दाखवलेल्या पद्धतीने, डोळ्यांनी, एकेक ठिपका. एका फेरीला आठवडा जातो. रीडरवर ३८४ खळग्यांची प्लेट काही मिनिटांत वाचून होते. कधी रसायन विषाणूऐवजी ल्युसिफरेजलाच अडवतं किंवा पेशीच मारतं, त्यामुळे प्रत्येक निकाल पुन्हा तपासावा लागतो. हाताने हे कधी संपायचं?

माझा धाकटा भाऊ डेंग्यूने गेला. डॉक्टर म्हणाले, 'यावर थेट औषध नाही, सलाईन देतोय, बघू.' तो 'बघू' मी अजून विसरलेले नाही. आणि तुमच्या पत्रात पुन्हा तेच आहे! २०२४ मध्ये जगभरात डेंग्यूचे १ कोटी ४० लाखांहून अधिक रुग्ण नोंदले गेले. मग प्राधान्य कशाला म्हणतात?

हिपॅटायटिस सीचा विषाणू प्रयोगशाळेत वाढतच नव्हता. १९९९ मध्ये त्याचा रेप्लिकॉन, म्हणजे पेशीत स्वतःच्या प्रती काढत राहणारा त्याच्या जीनोमचा भाग, तयार झाला, पुढे त्यालाही ल्युसिफरेज जोडलं गेलं, रसायनं चाळली गेली. आज बहुतेक रुग्ण १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी बरे होतात. ती वर्षं कोणीतरी धीराने पैसे दिले म्हणून.

तुमची व्यवस्था साथ आली की धावते, रात्रीत समित्या नेमते, आम्हाला फोन करून 'औषध कधी?' विचारते. साथ ओसरली की फाईल खालच्या कप्प्यात. माझे दोन विद्यार्थी शिष्यवृत्ती थकली म्हणून संशोधन सोडून गेले. त्यांच्या हातातलं कसब कोणत्या निविदेतून परत आणणार आहात?

प्लेट रीडर देणार की नाही, एवढं लेखी कळवा. देणार नसाल तर कारण लिहा, आणि खाली सही तुमची स्वतःची असू द्या.

आपली,
एक विषाणू संशोधक