रुग्णाची फाइल कोणी उघडली?

संपादक महोदय,

रुग्णांच्या संगणकीय नोंदी कितपत सुरक्षित आहेत, असे विचारले की ‘सगळा डेटा एन्क्रिप्ट केलेला आहे’, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशा सांकेतिक रूपात ठेवला आहे, हे उत्तर ठरलेले. सर्व्हरची डिस्क चोरीला गेली, तर त्याचा उपयोग होतो. पण वॉर्डातल्या संगणकावर सकाळच्या पाळीतल्या नर्सच्या लॉगिनने दिवसभर सगळेच काम करत असतील, तर काय? फाइल उघडल्याची नोंद होते, पण जिच्या नावावर होते ती घरी पोहोचलेली असते.

नेदरलँड्समधील एका रुग्णालयाला २०१९ मध्ये नियामकाने ४,६०,००० युरोंचा दंड केला, तो हॅकरमुळे नव्हे. एका प्रसिद्ध व्यक्तीची फाइल काम नसताना अनेक कर्मचाऱ्यांनी उघडून पाहिली होती. शिवाय लॉगची, म्हणजे कोणी कोणती फाइल केव्हा उघडली याच्या नोंदींची, तपासणी अपुरी होती आणि लॉगिनला दुहेरी पडताळणी (पासवर्डखेरीज ओळखीचा आणखी एक पुरावा) नव्हती. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात आरोग्याच्या माहितीचा वेगळा संवेदनशील वर्ग नाही, मात्र वाजवी सुरक्षा उपाय न केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

लॉगिन वाटून घेण्यामागे बहुधा घाई असते, बेफिकिरी नव्हे. स्क्रीन दर दोन मिनिटांनी बंद पडू लागली की पासवर्ड मॉनिटरवर चिकटवला जातो. ओळखपत्र टेकवून काही सेकंदांत उघडणारे लॉगिन दिले, तर स्क्रीन लवकर बंद होण्याचा जाच होत नाही.

खरी गुंतागुंत एचआयव्ही, मानसिक आजार, गर्भपात यांच्या नोंदींत आहे. डॉक्टरांचे टिपण कुलूपबंद करतात, पण औषधांच्या यादीत टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन, डोल्युटेग्रेव्हिर ही औषधे एकत्र दिसली की जाणकाराला एचआयव्हीचे निदान कळते. बिलावर ‘सीडी-४’ (एचआयव्हीत प्रतिकारशक्तीच्या पेशी मोजणारी) चाचणी छापली, तरी तेच. म्हणून औषधेच लपवावीत, तर क्षयरोगावर रिफाम्पिसिन देणाऱ्या डॉक्टरला, त्याने डोल्युटेग्रेव्हिरचा प्रभाव घटतो म्हणून ते ५० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा करायचे आहे, हे समजणार कसे? तेव्हा औषधांची यादी उपचार करणाऱ्याला आणि फार्मासिस्टला पूर्ण दिसावी, नोंदणी खिडकीला अजिबात नाही. बिलावर चाचणीच्या नावाऐवजी सांकेतिक क्रमांक असावा. हे अधिकार रकान्यागणिक ठरवावे लागतात, नुसते ‘डॉक्टर’ आणि ‘कर्मचारी’ असे दोन गट करून भागत नाही.

आपत्काळात एरवी बंद असलेली फाइल उघडण्याची सोय हवीच, पण कारण लिहिल्यावर आणि ठरावीक वेळेपुरती. कारणाच्या रकान्यात नुसते टिंब टाकून पुढे जाता येत असेल आणि दुसऱ्या दिवशी कोणी ते तपासत नसेल, तर तो चोरदरवाजाच. आठवड्याच्या लॉगमधून किमान तीन गोष्टी चाळाव्यात: अपॉइंटमेंट वा भरती नसताना उघडलेल्या फायली, पाहणाऱ्याचे आणि रुग्णाचे आडनाव किंवा पत्ता जुळणाऱ्या, आणि रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांच्या स्वतःच्या.

संशोधनासाठी डेटा देताना नाव काढले, तरी जन्मतारीख, पिनकोड आणि लिंग यांवरून माणूस सापडू शकतो. सोनोग्राफीच्या चित्रांत तर नाव अनेकदा चित्रातच उमटलेले असते. फाइलचा शीर्षभाग (चित्रासोबत रुग्णाची माहिती साठवणारा भाग) कोरा करून ते जात नाही.

— आरोग्य-माहिती व्यवस्थापन क्षेत्रातील काही कार्यकर्ते