अण्णांचे क्रिएटिनिन

धंतोली, नागपूर

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

काल रात्री फोनवर तू एकच प्रश्न तीनदा विचारलास: हृदय थकल्यामुळे दाखल केलेल्या अण्णांचे क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम मंदावले की रक्तात वाढणारा टाकाऊ पदार्थ) तीन दिवसांत १.३ वरून १.७ वर गेले असताना लॅसिक्स, म्हणजे लघवीवाटे पाणी काढणारे औषध, चालू का ठेवले आहे? वॉर्डात उभा असल्यामुळे मला नीट बोलता आले नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

हृदय थकले की मूत्रपिंडाला रक्त कमी पडते आणि ते बिघडते, असे आम्ही विद्यार्थिदशेत शिकलो. ते खरे आहे, पण अर्धेच. हृदयामागे रक्त साचले की शिरांतला दाब वाढतो, तो मूत्रपिंडापर्यंत पोहोचतो आणि तेथील गाळण मंदावते. मोरीची जाळी तुंबल्यावर निचरा थांबावा, तसे. अण्णांना आणले तेव्हा मानेच्या शिरा फुगलेल्या होत्या आणि पायावर बोट दाबले की खड्डा पडत होता. आज वजन ७१ वरून ६७ किलोवर आले असून काल रात्री ते धाप न लागता एका उशीवर झोपले. साचलेले पाणी असे उतरत असताना क्रिएटिनिन थोडे वाढले, तर मी घाबरत नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या 'डोस' चाचणीत हृदय थकलेल्या ३०८ रुग्णांपैकी लॅसिक्सची जास्त मात्रा मिळालेल्यांचे क्रिएटिनिन अधिक वेळा वाढले, तरी साठ दिवसांनंतर त्यांची स्थिती इतरांहून वाईट नव्हती.

मूत्रपिंडाचे आकडे निरर्थक आहेत, असे मात्र समजू नकोस. दाखल होतानाचे आकडे पुष्कळ काही सांगतात. अमेरिकेतील अशाच रुग्णांच्या मोठ्या नोंदणीवर आधारित २००५ च्या अभ्यासात रक्तातील युरिया नायट्रोजन (मूत्रपिंडाने गाळायचा आणखी एक टाकाऊ पदार्थ) ४३ च्या खाली आणि वरचा रक्तदाब ११५ किंवा अधिक असलेल्यांपैकी सुमारे २ टक्के रुग्ण रुग्णालयात दगावले. युरिया नायट्रोजन जास्त, रक्तदाब कमी आणि क्रिएटिनिन २.७५ किंवा अधिक असलेल्यांत हेच प्रमाण सुमारे २२ टक्के होते. (आपल्या प्रयोगशाळा बहुधा युरिया देतात, तो या आकड्याच्या सुमारे २.१४ पट असतो. नात्यातल्या कुणी दोन्ही आकडे एकच समजून तुला घाबरवू नये, एवढ्यासाठी सांगितले.) अण्णांचा युरिया ६२ (म्हणजे युरिया नायट्रोजन सुमारे २९) आणि वरचा रक्तदाब १२८ होता, म्हणजे ते पहिल्या गटात बसतात.

क्रिएटिनिन वाढत आहे, लघवी होत नाही आणि धापही तशीच आहे, असे झाले तर मात्र मी तुला मध्यरात्रीही बोलावून घेईन.

माझा खरा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. गुडघ्यांसाठी अण्णा महिनाभर दुकानातून डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक आणून घेत होते. ते औषध मीठ-पाणी शरीरात अडवते आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठाही आखडते. ती पाकिटे घरातून काढायला वहिनींना सांग. नवतपा जवळ आला आहे. घाम वाढला की लॅसिक्सची हीच मात्रा जड होऊ शकते, तेव्हा घरी गेल्यावर रोज सकाळी वजन लिहून ठेवावे लागेल.

उद्याच्या तपासणीत पोटॅशियमही पाहणार आहे. अहवाल दुपारपर्यंत येईल, आला की फोन करतो.

तुझा,
विनायक